उंदराचा पक्षाघात आणि मंठ्याचा रुग्ण : चाचणीपूर्व संशोधनाच्या दर्जाचा आढावा

मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की त्या भागाच्या ताब्यातील हात, पाय, चेहरा किंवा वाचा काही क्षणांत निकामी होते. वैद्यकशास्त्र या घटनेला पक्षाघात म्हणते आणि मराठवाड्यातील खेड्यांत ‘लकवा मारला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हटले जाते. दोहोंपैकी गुठळीने होणारा पक्षाघात अधिक आढळतो आणि येथील विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे. मोठी धमनी बंद पडलेल्या रुग्णाच्या मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. तरीही सगळा बाधित भाग एकदम मरत नाही. रक्त पूर्णपणे तुटलेला गाभा लवकर मरतो, पण त्याच्या भोवतीचा पट्टा शेजारच्या धमन्यांतून झिरपणाऱ्या थोड्याशा रक्तावर काही तास तग धरून राहतो. या पट्ट्याला ‘उपच्छाया’ म्हणतात, आणि तीव्र पक्षाघातावरील जवळजवळ प्रत्येक उपचार हा पट्टा वाचवण्यासाठी असतो.

आज हाती असलेले भरवशाचे उपचार दोनच आहेत आणि दोन्ही धमनी पुन्हा मोकळी करण्याचे आहेत. पहिला गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा. अल्टेप्लेज या औषधाचा लाभ १९९५ साली अमेरिकेतील ६२४ रुग्णांच्या चाचणीत दिसला, तेव्हा त्याची मुदत लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तास होती. २००८ च्या युरोपीय चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. त्याच वर्गातील आणि एकाच टोचणीत देता येणारे टेनेक्टेप्लेज पुण्याच्या जेनोव्हा कंपनीत तयार होते. दुसरा उपचार मांडीच्या धमनीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याचा असून तो २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी प्रस्थापित झाला. पहिल्यासाठी सीटी स्कॅन आणि त्याचा अर्थ लावणारा डॉक्टर हवा, दुसऱ्यासाठी तर मोठ्या शहरातील कॅथलॅबच हवी.

मंठा हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, तेथून आणखी जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. पहाटे उठताना पाय लुळा पडल्याचे एखाद्या तांड्यावरील म्हाताऱ्याच्या लक्षात आले, तर घरच्यांनी गाडी पाहण्यात, वाटूर फाटा गाठण्यात, जालन्यात स्कॅन करून पुढे जाण्यात साडेचार तास कसे निघून जातात हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील या आजाराचे सर्वांत विश्वासार्ह चित्र गडचिरोलीतून मिळते. ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील ९४,१५४ लोकसंख्येतील प्रत्येक मृत्यूचे कारण तपासले, तेव्हा १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आणि मृत्यूच्या कारणांत तोच पहिल्या क्रमांकावर असल्याचे आढळले. त्यांतील दर दहापैकी जवळपास नऊ मृत्यू घरीच झाले होते. रुग्णालयापर्यंतच्या प्रवासात उपच्छायेला जगवून ठेवणारे, म्हणजेच चेतारक्षक औषध मिळाले, तर त्याचा सर्वाधिक उपयोग अशाच गावांना होईल. असे औषध शोधण्याची धडपड गेली चाळीस वर्षे चालू आहे, आणि ती का फळली नाही हा प्रश्न बव्हंशी चाचणीपूर्व संशोधनाच्या दर्जाचा आहे.

चाचणीपूर्व संशोधन म्हणजे औषध माणसाला देण्याआधी ते पेशींवर आणि प्राण्यांवर तपासण्याचा टप्पा. पक्षाघाताच्या बाबतीत हा टप्पा बहुतांशी उंदरांवर पार पडतो. १९८९ पासून सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत भूल दिलेल्या उंदराच्या मानेतील धमनीतून टोक गोल केलेला बारीक नायलॉनचा धागा वर सरकवला जातो आणि तो मेंदूच्या मधल्या धमनीचे तोंड अडवतो. तासा-दीड तासाने धागा मागे ओढला की रक्त पुन्हा वाहू लागते. दुसऱ्या दिवशी मेंदूचे दोन मिलिमीटर जाडीचे काप करून ते एका रंगद्रव्यात बुडवतात. जिवंत भाग लालभडक होतो, मेलेला पांढराफटक राहतो. पांढऱ्या भागाचे आकारमान मोजायचे आणि औषध दिलेल्या उंदरांत ते किती कमी भरले हे पाहायचे, असा या विद्येचा सर्वसाधारण शिरस्ता आहे.

प्राण्यांवरील प्रयोग निरुपयोगी असतात असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल, कारण आज जगभर वापरल्या जाणाऱ्या गुठळी विरघळवणाऱ्या उपचाराचा पाया सशांवरील प्रयोगांनीच घातला. जस्टिन झिव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली सशांच्या मेंदूत गुठळ्या सोडून नंतर औषध दिले, आणि तेथे दिसलेला लाभ दहा वर्षांनी माणसांत खरा ठरला. त्या प्रयोगातील आजार माणसाच्या आजारासारखाच होता, गुठळीने झालेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

या अपवादापलीकडचे चित्र मात्र निराशाजनक आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २००६ साली तोवर प्रसिद्ध झालेल्या सर्व प्रायोगिक उपचारांची गणती केली, तेव्हा ती १,०२६ भरली. त्यांपैकी ११४ माणसांपर्यंत पोहोचले होते. अधिक बोचरी बाब पुढेच होती. माणसांत तपासण्यासाठी निवडलेली औषधे न निवडलेल्यांपेक्षा प्राण्यांत अधिक प्रभावी ठरली होती असे दिसत नव्हते. म्हणजे प्रयोगशाळेतील पुरावा चाळणीचे काम करतच नव्हता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एनएक्सवाय-०५९ या औषधाचे आहे. रक्तपुरवठा तुटलेल्या पेशींत तयार होणारे विध्वंसक मुक्तमूलक निष्प्रभ करणारे हे औषध उंदरांपासून मार्मोसेट माकडांपर्यंत तपासले गेले होते आणि तत्कालीन निकषांची पूर्तता करणारे म्हणून ते आदर्श मानले जात होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १,७०० रुग्णांच्या पहिल्या चाचणीत थोडा लाभ दिसला. पुढच्याच वर्षी तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही आणि औषध सोडून देण्यात आले. मग एडिनबरोच्या माल्कम मॅक्लिऑड यांच्या गटाने त्या औषधावरील प्राण्यांचे सगळे प्रयोग एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. ज्या प्रयोगांत उंदरांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यादृच्छिक पद्धतीने पाडले नव्हते, तेथे औषधाने मेंदूची हानी जवळपास ५३ टक्क्यांनी घटवल्याचे दिसत होते. जेथे ते तसे पाडले होते, तेथे हा आकडा २० टक्क्यांच्या आसपास उतरत होता. पहिल्या आकड्यातील मोठा वाटा औषधाचा नसून प्रयोगाच्या बांधणीतील ढिलाईचा असावा, असाच याचा अर्थ होतो.

ही ढिलाई फसवणुकीतून येते असे मानण्याचे कारण नाही. ती किती सहज येते हे पिंजऱ्यापाशी उभे राहिले की कळते. पिंजऱ्यात हात घातल्यावर जो उंदीर आधी हाती लागतो तो सहसा मंद किंवा आजारी असतो, आणि पहिले पाच औषधाविना व पुढचे पाच औषधासह असे वाटप केले, की धडधाकट उंदीर आपोआप औषधाच्या गटात जमा होतात. धागा सरकवणाऱ्या संशोधकाला पुढचा उंदीर कोणत्या गटातला आहे हे ठाऊक असेल, तर त्याच्या बोटांचा जोर नकळत बदलतो. काप मोजणाऱ्याला गट ठाऊक असेल, तर लाल आणि पांढऱ्याच्या मधली गुलाबी कड तो आपल्या आशेप्रमाणे इकडे किंवा तिकडे धरतो. म्हणूनच शस्त्रक्रिया करणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला गट कळू न देण्याची पद्धत, जिला अंध मोजणी म्हणतात, ही औपचारिकता राहत नाही. चौथी वाट मेलेल्या उंदरांची असते: शस्त्रक्रियेनंतर दगावलेले प्राणी हिशेबातून वगळण्याचे नियम आधी लिहून ठेवले नसतील, तर नकोसे आकडे त्याच वाटेने बाहेर पडतात. याशिवाय उंदराच्या मेंदूचे तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने उतरले तरी हानी कमी होते आणि आयसोफ्लुरेनसारखी भूलच काही प्रमाणात मेंदूचे रक्षण करते. औषधाने उंदराचे अंग थंड पडले आणि कोणी तापमान नोंदवले नाही, तर श्रेय औषधाच्या रसायनाला मिळते.

गटांचा आकार हा स्वतंत्र दोष आहे. आठ-दहा उंदरांच्या गटात मध्यम आकाराचा खरा परिणाम बहुधा निसटतो, आणि जो हाती लागतो तो योगायोगाने फुगलेला असतो. लहान गटांतील असे फुगलेले निकाल छापून येतात, उरलेले कपाटात पडून राहतात. एमिली सेना आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पक्षाघाताच्या प्राणिप्रयोगांचे ५२५ शोधनिबंध तपासले, त्यांत औषधाचा मेंदूच्या हानीवर परिणाम झाला नाही असे सांगणारे अवघे दहा निघाले. न छापल्या गेलेल्या प्रयोगांचा त्यांचा अंदाज दोनशेच्या वर होता आणि ते धरले असता उपचारांची सरासरी परिणामकारकता सुमारे ३१ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर येत होती. एका प्रयोगशाळेने निष्फळ म्हणून गुंडाळून ठेवलेला प्रयोग दुसरी प्रयोगशाळा अजाणता पुन्हा करते आणि तेवढे प्राणी दुसऱ्यांदा बळी जातात. प्राण्यांविषयी कळवळा असणाऱ्यांनी या दोषाकडे आजवर दिले त्याहून कितीतरी अधिक लक्ष द्यायला हवे.

मोजणी निर्दोष केली तरी एक मोठे अंतर शिल्लक राहते, आणि मंठ्याच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रयोगातील उंदीर तरुण, नर, निरोगी आणि एकाच वंशाचा असतो. त्याला औषध धमनी अडवल्यावर काही मिनिटांत, कित्येकदा अडवण्याच्या आधीच मिळते. रुग्ण साठी ओलांडलेला किंवा ओलांडलेली असते, रक्तदाबाच्या गोळ्या मधूनच बंद झालेल्या असतात, साखर वाढलेली असते, तंबाखूची चंची कमरेला असते आणि औषध मिळायचे ते पाच-सहा तासांनी. उंदराच्या मेंदूत चेतापेशींना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग अत्यल्प असतो, माणसाच्या मेंदूत तो फार मोठा असतो आणि पक्षाघातात तोही मरतो. आणखी एक फरक दीर्घकाळ कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. उंदीर निशाचर आहे; प्रयोग दिवसा होतात, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी, तर माणसाचा पक्षाघात बहुधा जागेपणी होतो. २०२० साली ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या संशोधनात उंदरांना त्यांच्या विश्रांतीच्या वेळी वाचवणारे तीन उपचार त्यांच्या जागेपणी निष्प्रभ ठरले, आणि त्यांतील एक एनएक्सवाय-०५९ च्याच कुळातील रसायन होते.

सुधारणेचे प्रयत्न १९९९ पासून सुरू झाले. त्या वर्षी विद्यापीठे आणि औषध कंपन्या यांच्या ‘स्टेअर’ नावाच्या गोलमेज बैठकीने शिफारशी प्रसिद्ध केल्या: मात्रा आणि वेळ यांचे वेगवेगळे पर्याय तपासावेत, एकाहून अधिक प्रयोगशाळांत व प्रजातींत निकाल पडताळावा, प्राण्याचे चालणे-वागणेही मोजावे. एनएक्सवाय-०५९ च्या अपयशानंतर २००९ मध्ये त्यांत यादृच्छिक वाटप, अंध मोजणी आणि वयस्क व आजारी प्राणी यांची भर पडली. २०१० मध्ये ब्रिटनमधून ‘अराईव्ह’ ही अहवाललेखनाची मार्गदर्शिका आली, जी २०२० मध्ये सुटसुटीत करण्यात आली. नियतकालिकांनी तिला मान दिला खरा, पण यादी समोर ठेवल्याने प्रयोग बदलतोच असे नाही.

खरा बदल प्राण्यांच्या प्रयोगाला मानवी चाचणीची शिस्त लावण्यातून आला. २०१५ साली युरोपातील सहा केंद्रांनी एकच आराखडा ठरवून ३१५ उंदरांवर एका प्रतिपिंडाची चाचणी केली. मेंदूच्या पृष्ठभागावरील लहान हानीत ते उपयोगी ठरले, मोठ्या हानीत नाही. एका प्रयोगशाळेच्या एका पद्धतीवर विसंबले असते तर यांतील अर्धेच सत्य हाती आले असते.

याच वाटेने अमेरिकेच्या राष्ट्रीय चेताविकार संस्थेने २०१९ मध्ये ‘स्पॅन’ हे जाळे उभारले आणि त्याचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सहा विद्यापीठांना सहा उपचार वाटून दिले, पण प्रत्येक उपचार प्रत्येक ठिकाणी तपासला गेला. कोणत्या प्राण्याला काय द्यायचे हे दूरच्या समन्वय केंद्राने ठरवले. वयस्क उंदीर, लठ्ठ व साखर वाढलेले उंदीर, तसेच जन्मजात उच्च रक्तदाबाचे उंदीर, ज्यांचा वंश १९६३ साली जपानमध्ये तयार करण्यात आला, हे सर्व मुद्दाम घेतले; नर आणि मादी दोन्ही घेतले. यश मोजले ते पांढऱ्या कापांवरून नव्हे, तर कोपऱ्याच्या चाचणीवरून: दोन फळ्यांच्या अरुंद कोपऱ्यात शिरलेला निरोगी उंदीर डावी-उजवीकडे सारखाच वळतो, पक्षाघात झालेला एकाच बाजूला वळत राहतो. या वळणांचे चित्रीकरण करून ते गट ठाऊक नसलेल्या परीक्षकांकडून मोजून घेतले. अडीच हजारांहून अधिक प्राण्यांनंतर, टप्प्याटप्प्याने निष्फळ उपचार गळत गेल्यावर, मुख्य कसोटीला उतरले ते एकटे युरिक आम्ल. हेच युरिक आम्ल २०१४ साली स्पेनमधील ४११ रुग्णांच्या चाचणीत निर्णायक ठरले नव्हते, आणि म्हणून ‘स्पॅन’च्या निकालाकडे औषध सापडल्याची वार्ता म्हणून पाहणे घाईचे होईल. सहापैकी पाच उपचार या कठोर चाळणीत गळाले, हे त्याचे खरे फलित आहे.

कठोर प्रयोगसुद्धा खऱ्या उपचाराची नक्कल पूर्ण करत नसेल तर काय होते, हे नेरिनेटाइड या औषधाने दाखवले. मकाक माकडांत यशस्वी ठरलेल्या या औषधाची १,१०५ रुग्णांवरील चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. एकूण लाभ दिसला नाही, पण अल्टेप्लेज न मिळालेल्यांत तो दिसल्यासारखा वाटला. गुठळी विरघळवताना शरीरात तयार होणारे विकर नेरिनेटाइडचेही तुकडे करते, हे त्याचे कारण मानले गेले. अल्टेप्लेज न दिलेल्या रुग्णांवरील पुढच्या चाचणीतही २०२५ मध्ये लाभ सिद्ध झाला नाही. रुग्णाला मिळणाऱ्या इतर औषधांसह नवे औषध प्राण्यात तपासणे, ही साधी गोष्ट मानवी चाचणीच्या आराखड्याआधी व्हायला हवी होती.

भारतातील परिस्थितीचा विचार याच निकषांवर करावा लागतो. एक महत्त्वाची घटना २०२३ ची आहे: सोव्हाटेल्टाइड या औषधाला, ज्याचे आरंभीचे काम उंदरांवर झाले होते, लक्षणांनंतर २४ तासांच्या आत देण्यासाठी भारताच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली आणि त्यामागची तिसऱ्या टप्प्याची भारतीय चाचणी १५८ रुग्णांची होती. २४ तासांची मुदत गावाकडच्या रुग्णासाठी मोलाची आहे. तरीही सतराशे रुग्णांत दिसलेला लाभ तीन हजारांत विरून गेल्याचा अनुभव समोर असताना, १५८ रुग्णांच्या निकालाला मोठ्या आणि स्वतंत्र पडताळणीची जोड लवकर मिळणे अत्यावश्यक आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समिती करते, आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते. प्रयोगाला किती प्राणी लागतील याचे समर्थन अर्जात द्यावे लागते. व्यवहारात कमीत कमी प्राणी म्हणजे प्रत्येक गटात सहा, असा अर्थ घेतला जातो, आणि सहांच्या गटातून काहीच सिद्ध होत नसेल तर ते सहाही वाया गेलेले असतात. अर्जात त्याच जागी गट कसे पाडणार, मोजणारा कोण आणि कोणता प्राणी कोणत्या कारणाने वगळणार, हे तीन प्रश्न विचारले तर फारसा खर्च न वाढवता पुष्कळ दोष आधीच निघून जातील. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधांसाठी ब्राह्मी, अश्वगंधा, हळदीतील कर्क्युमिन यांचे प्रयोग सातत्याने होतात. त्यांतील पुष्कळांत अर्क पक्षाघाताच्या आधी आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ उंदराला पाजला जातो आणि मानेतील दोन्ही धमन्या काही मिनिटे बांधून ठेवण्याची सोपी पद्धत वापरली जाते. यातून प्रतिबंधाविषयी काही सांगता येईल. लकवा झाल्यावर काय द्यावे याविषयी काहीही सांगता येत नाही, आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘उपचार’ हा शब्द आला की वृत्तपत्रांतून तोच गावापर्यंत पोहोचतो. असे दहा विखुरलेले प्रबंध करण्याऐवजी दहा महाविद्यालयांनी एकच आराखडा वाटून घेतला, तर विद्यार्थ्याची पदवीही होईल आणि निकालही वापरता येईल. अडचणी खऱ्या आहेत: उंदीर म्हातारा होईपर्यंत दीड-दोन वर्षे पोसणे महाग पडते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज गेली की प्राणिगृहाचे तापमान, आणि त्याबरोबर प्रयोगाचा निकाल, बिघडतो. मानवी चाचण्यांची नोंदणी भारतात २००९ पासून सक्तीची झाली. प्राण्यांच्या प्रयोगांची अशी आगाऊ नोंदणी स्वेच्छेने का होईना सुरू करण्यात मात्र खर्चाची अडचण नाही.

२०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन मानवी पेशींवरील आणि सूक्ष्म उपकरणांतील चाचण्यांनाही मान्यता मिळाली. पण रक्तवाहिनी, गुठळी आणि सूज यांचा गुंता एखाद्या पट्टीवरील पेशींत आज तरी उभा करता येत नाही, त्यामुळे पक्षाघाताच्या संशोधनात उंदीर अजून बराच काळ राहणार आहे.

मंठ्यासारख्या ठिकाणचा विचार करून प्रयोग आखायचा झाल्यास एक कसोटी तर अगदी वेगळीच ठरते. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत किंवा ग्रामीण रुग्णालयात स्कॅन नसतो. समोरच्या रुग्णाच्या मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही. तेथे द्यायचे चेतारक्षक औषध गुठळीच्या उंदराला वाचवते एवढे पुरत नाही. मेंदूत रक्तस्राव घडवलेल्या, रक्तदाब चढलेल्या, म्हाताऱ्या उंदरालाही ते अपाय करत नाही, आणि लक्षणांनंतर चार-सहा तासांनी दिले तरी काही उरवते, हे आधी दाखवावे लागेल. आणि चेतारक्षक औषधांच्या प्रयोगांत रक्तस्राव झालेल्या प्राण्यांचा असा गट आजही क्वचितच ठेवलेला असतो.